खिळ्याला टांगलेली पट्टी

थोरल्या भावाबद्दल धाकट्याला जे ठाऊक होतं ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं आणि खाली सहीला जागाही उरली असती. थोरला फाउंड्रीत पॅटर्नमेकर होता. कमी बोलायचा. चहा पार गार करून प्यायचा. राग आला की कानाची पाळी चोळत बसायचा. झालं. सहासष्ट वर्षं भाऊ म्हणून काढली, त्यातले शेवटचे काही महिने तर रोज मांडीला मांडी लावून, आणि थोरला गेल्यावर भेटायला आलेल्या माणसांना सांगण्यासारखं धाकट्याजवळ एवढंच निघालं. खरं सांगण्यासारखं जे होतं ते त्याला पंधरा दिवसांनी कळलं, तेही परक्या माणसाकडून.

दोघांमध्ये अकरा वर्षांचं अंतर. वडिलांनी अंथरूण धरलं तेव्हा थोरल्याची शाळा सुटली आणि तो फाउंड्रीत लागला. धाकट्याची सुटली नाही. ती का सुटली नाही याची चर्चा घरात कधी झाली नाही. धाकट्याला त्या दिवसांतलं आठवायचं ते वेगळंच. घरात काही फुटलं, कधी कंदिलाची काच, कधी शेजाऱ्यांची बरणी, की आई हाताला लागेल ते घेऊन उठायची आणि थोरला मध्ये पडायचा. "जाऊ दे गं. लहान आहे तो." मग खाली बसून तुकडे तोच वेचायचा.

लोखंडाची वस्तू ओतायची तर ती आधी लाकडात हुबेहूब करावी लागते. ती ओल्या वाळूत दाबून काढून घेतली की मागे पोकळी उरते, त्या पोकळीत तापलेला रस ओततात. ती लाकडी वस्तू करणारा तो पॅटर्नमेकर. थोरल्यानं चव्वेचाळीस वर्षं हेच केलं. पंपांची पोटं, चाकं, झाकणं, पाण्याच्या नळांच्या मोठ्या मोठ्या तोट्या. सगळं आधी लाकडात, रंध्यानं आणि पटाशीनं. त्याच्या हातची वस्तू लोखंडात उतरली की कानस लावावी लागत नाही असं म्हणत. धाकट्यानं हे ऐकलं होतं. फाउंड्रीत जाऊन पाहिलं मात्र कधी नाही.

धाकटा टेलिफोन खात्यात. तिथे कॉम्प्युटर आले तेव्हा ज्या चौघांना ते शिकायला पाठवलं त्यांत तो होता. पुढे जन्मभर त्यानं बिलांचे आकडे एका खणातून दुसऱ्या खणात भरले, एवढंच. पण नात्यागोत्यात 'आमचा कॉम्प्युटरवाला' हे नाव पडलं ते पडलं, आणि त्यानंही ते कधी खोडून काढलं नाही. कोण खोडतो?

फाउंड्री बंद झाल्यावर थोरल्यानं मागच्या खोलीत स्वतःचं काम थाटलं. मग त्याच्या हातांना कंप सुटला. आधी चहाची कपबशी वाजायला लागली, मग पटाशी. सरळ करवतायचं, रंधायचं काम आधाराला फळी लावून जमायचं. कोरीव काम गेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. थोरल्यानं गोळ्या घेतल्या आणि कोणाला न सांगता दोन वर्षं खपून एक मशीन उभं केलं. लाकूड आणि ॲल्युमिनियमचा सांगाडा, तीन लांब स्क्रू, तीन मोटरी, आणि खाली तोंड करून टांगलेलं कोरायचं यंत्र. डावी-उजवी, पुढे-मागे, वर-खाली अशी तीन बाजूंची चाल. आपला हात थरथरतो तर न थरथरणारा एक हात करू या, इतका साधा विचार. फक्त त्या हाताला डोकं नव्हतं.

त्याच सुमारास वहिनीला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. डोकं शाबूत होतं, शब्द तोंडाशी येऊन चिखल होऊन पडायचे. तिच्या पलंगाच्या लोखंडी दांड्याला थोरल्यानं दोरीनं एक चमचा बांधला. एकदा वाजवला तर हो, दोनदा तर नाही. मोबाइलवर अक्षरं दाबून पाहिली, पण तिचं डावं बोट काचेवरून घसरायचं आणि ती फोन भिरकावून द्यायची. म्हणून मग चमचा. पाणी हवं? टण टण. उशी? टण टण. खिडकी लावू? टण टण.

एका संध्याकाळी ती अशीच काही सांगायला लागली आणि थोरल्याला ते उमगेना. त्यानं चाळीस प्रश्न विचारले. चाळिसांनाही टण टण. शेवटी तिनं चमचा सोडला, तोंड भिंतीकडे केलं आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला धाकट्याच्या दारात उभा. तीन गल्ल्या सोडून राहणारा हा भाऊ वर्षातून दोनदा यायचा, तोही बोलावल्यावर. आज न बोलावता आला होता. पायरीवरच उभा राहिला.

"तुला कॉम्प्युटरमधलं कळतं म्हणतात."

"म्हणजे... कळतं थोडंफार."

"माझ्या मशीनला एक बसवून दे. तुझ्या वहिनीला अक्षरं करायचीत. लाकडाची, बोटांत धरता येतील अशी. ट्रेमध्ये लावून ठेवायची. मग ती काय ते सांगेल."

"दुकानात मिळतील की तयार."

"बघितली. पोरांच्या खेळातली आहेत. चिमटीतून निसटतात." मग जरा थांबून म्हणाला, "चाळीस प्रश्न विचारले रे काल. चाळीस. आम्ही दोघंही काय उद्याची खात्री देऊन बसलेलो नाही. ती मनातलं मनात ठेवून जायला नको, आणि मीही न ऐकता जायला नको."

थोरला एका दमात इतकं बोललेलं धाकट्यानं आधी कधी ऐकलं नव्हतं. तो भावाचा आवाका ओळखून होता, स्वतःचाही. 'मला यातलं ओ की ठो कळत नाही' हे वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं. पण या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. तो म्हणाला, "त्यात काय! आठ दिवसांचं काम."

आठ दिवसांचे तीन महिने झाले.

धाकट्यानं पुस्तकं आणली, व्हिडिओ पाहिले, एक जुनी डायरी भरून काढली. त्याला कळलं ते असं. मोटर अखंड फिरत नाही, पायरी पायरीनं फिरते. कॉम्प्युटरनं एक ठोका पाठवला की एक पायरी. असे सेकंदाला हजारो ठोके, आणि ते घड्याळासारखे पडले पाहिजेत. कॉम्प्युटरला डुलकी लागली किंवा त्याचं मन दुसरीकडे गेलं तर मोटरची पायरी चुकते आणि लाकूड वाया जातं. हे ठोके पाठवायला जुन्या प्रिंटरचं ते पंचवीस टाचण्यांचं तोंड लागतं, आणि नव्या कॉम्प्युटरना ते नसतं. मग एका बंद पडलेल्या कचेरीतला जुना, धुळीनं माखलेला कॉम्प्युटर शोधून आणला.

मागच्या खोलीत खिडकीखाली टेबल लावलं. धाकट्यानं कॉम्प्युटर पुसला आणि एकेक गोष्ट बंद करत सुटला. इंटरनेट बंद. पडद्यावर मासे फिरायचे ते बंद. आपोआप झोपणं बंद, आपोआप सुधारणा करून घेणं बंद.

"इतकं सगळं बंद केलंस तर चालू काय राहिलं?" थोरल्यानं विचारलं.

"एकच काम. याला दुसरं काही सुचताच कामा नये."

"म्हणजे माझ्यासारखाच केलास की."

पलीकडच्या खोलीतून एकदा टण वाजलं. मधलं दार उघडंच असायचं. वहिनी सगळं ऐकायची.

पहिल्या दिवशी मशीन जोडलं तेव्हा धाकट्यानं डावीकडचा बाण दाबला आणि मशीन उजवीकडे सुटलं. तारा उलट जोडल्या होत्या. धाकट्याला लाल बटण सापडेना. ते त्याच्या नाकासमोर होतं. मशीन धडाधड जाऊन कडेला आदळलं आणि मोटर दात खायला लागली. थोरल्यानं शांतपणे हात लांब करून बटण दाबलं.

"सरकारी खात्यातलं दिसतंय," तो म्हणाला. "सांगाल त्याच्या उलट करतं."

टण.

"वहिनी, तुम्ही त्याची बाजू घेऊ नका हं!" धाकटा ओरडला.

टण टण.

खरं सांगायचं तर धाकट्याचे इतके बरे दिवस कधी गेले नव्हते. निवृत्त झाल्यापासून तो घरात इकडची वस्तू तिकडे करत बसायचा आणि बायको त्या परत जागेवर ठेवायची. आता दुपारी दोनला तो टोपी घालून निघायचा. कामावर चाललो, म्हणायचा. थोरला बोलायचा नाही, पण स्टूल पुसून ठेवायचा.

अक्षरांचा हिशोब दोघांनी बसून केला. ट्रे वहिनीच्या पलंगावर आडव्या बसणाऱ्या टेबलात बसायला हवा होता. दोन दांड्यांच्या मध्ये जागा होती तेवढीच, त्यापेक्षा केसभरही जास्त नाही. थोरल्यानं चार रांगांचा ट्रे केला, एका रांगेत दहा ठोकळे. प्रत्येक ठोकळा चाळीस मिलीमीटर रुंद. चाळिसांत सगळी अक्षरं आणि काना-मात्रा कुठे बसायला? मग ऱ्हस्व-दीर्घाला एकच मात्रा ठेवली आणि ङ, ञ यांना घरी बसवलं.

"आजवर काही काम केलंय का त्यांनी?" थोरला म्हणाला. "नुसते हजेरी लावून जायचे."

लाकूडही बेताचंच होतं. फाउंड्री बंद झाली त्या दिवशी थोरल्यानं बरोबर आणलेली एक फळी, तीस वर्षं मुरलेली. आता उकळत्या पाण्यात टाकली तरी वाकायची नाही, असं तो म्हणायचा. चाळीस ठोकळे निघतील, एक्केचाळिसावा नाही.

कोरण्याआधी शेवटचं एक काम उरलं. मशीनला मिलीमीटर म्हणजे काय ते शिकवायचं. त्याची रीत अशी की मशीनला तीनशे मिलीमीटर सरक म्हणायचं, खरंच किती सरकलं ते मोजायचं आणि फरक असेल त्या प्रमाणात कॉम्प्युटरमधला आकडा बदलायचा. एका मिलीमीटरला किती पायऱ्या, असा तो आकडा. हिशोबानं तो तीनशे वीस निघत होता.

थोरला तेव्हा वहिनीला भरवत होता. धाकट्यानं खण उघडला. आतली पट्टी दीडशे मिलीमीटरची, निम्मीच. मग त्याची नजर खिडकीशेजारच्या खिळ्याकडे गेली. तिथे थोरल्याची लांब पोलादी पट्टी टांगलेली असायची, वापरून वापरून कडा गुळगुळीत झालेली. पहिल्याच दिवशी थोरल्यानं बजावलं होतं, "या खिळ्यावरचं काही घेऊ नकोस." धाकट्यानं ते म्हाताऱ्याचं खूळ म्हणून सोडून दिलं होतं. त्यानं पट्टी काढली, दोनदा मोजलं. तीनशेच्या जागी दोनशे सत्त्याण्णव भरत होते. त्यानं गुणाकार-भागाकार केला, तीनशे वीसच्या जागी तीनशे तेवीस पूर्णांक तेवीस लिहिले, डायरीत नोंद केली आणि परत मोजलं. बरोबर तीनशे. त्याला इतका आनंद झाला की पट्टी घाईघाईनं टांगताना आकडे भिंतीकडे गेले.

थोरला हात पुसत आला. "मोजलंस?"

"दोनदा."

"कशानं?"

"पट्टीनं, आणखी कशानं?" कुठल्या पट्टीनं ते त्यानं सांगितलं नाही. बोलणी कोण खाणार?

"तू मोजलंस ना? मग झालं," थोरला म्हणाला.

दोन दिवस मशीन चाललं. धाकटा हलला नाही. यंत्र लाकडात उतरायचं, भुशाची बारीक धार उडायची, आणि मागे क राहायचा, म राहायचा, ज राहायचा. एकही कड फाटली नाही. थोरला एकेक ठोकळा उचलून अंगठा फिरवायचा. त्याच्या हातात तो थरथरायचा, पण अक्षर स्थिर होतं. चाळिसावा ठोकळा निघाला तेव्हा त्यानं धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

वहिनीला उशांना टेकवून बसवलं. टेबल आडवं लावलं, ट्रे बसवला. थोरल्यानं पहिली रांग लावायला घेतली. एक, दोन, तीन... नववा बसला. दहावा बसेना. त्यानं रांग दाबून पाहिली, पुन्हा लावली. दहाव्याला जागाच उरत नव्हती. दुसरी रांग, तेच. तिसरी, चौथी, तेच. चार अक्षरं बाहेर राहिली.

वहिनी पाहत होती. तिच्या डाव्या हातात चमचा होता, पण तिनं तो वाजवला नाही.

धाकट्याच्या डोक्यात सणक गेली. तीन महिन्यांचे श्रम, फळी संपलेली, आणि वहिनीचे ते डोळे. "ट्रे चुकलाय तुझा!" तो म्हणाला. "मशीन बरोबर आहे. मी दोनदा मोजलंय. तुझे हात थरथरतात, दादा, तुला आता माप घेता येत नाही. मला सांगायचं होतंस, मी घेतलं असतं."

थोरला ट्रेपासून वळला. दहावा ठोकळा हातात घेऊन मागच्या खोलीत गेला. उघड्या दारातून तो धाकट्याला दिसत होता. खणातल्या लहान पट्टीवर त्यानं ठोकळा ठेवला आणि चष्मा वर करून बघितला. मग मान वळवून खिडकीशेजारच्या खिळ्याकडे पाहिलं. तिथे बराच वेळ पाहत राहिला. कानाची पाळी चोळली नाही.

परत आला तेव्हा म्हणाला, "खरंय तुझं. माझाच हात हलला असेल."

"मग आता?"

"आता काय? घासायचे ठोकळे. थरथरणाऱ्या हाताला घासायचं काम बरं. निम्मं काम हातच करतो."

त्यानं सपाट फळीवर पॉलिश पेपर चिकटवला आणि वहिनीच्या पलंगाशेजारी बसून ठोकळे घासायला लागला. एकेकाची कड अर्ध्या मिलीमीटरला जरा कमी. घासायचा, पट्टीवर ठेवायचा, परत घासायचा. चाळीस ठोकळे, पाच दिवस. त्याच्या बोटांच्या टोकांची सालं निघाली. धाकटा दुपारी जायचा आणि स्टुलावर बसून ते बघायचा. दादा थकला आता, असं त्याला वाटायचं. जरा दयाही यायची. त्यानं हे बायकोला सांगितलं, शेजारच्यांना सांगितलं. मशीन एकदम अचूक जमलं होतं हो, पण दादाचं माप चुकलं.

सहाव्या दिवशी चारही रांगा बसल्या. वहिनीनं डावा हात पुढे केला, ठोकळे उचलले आणि ट्रेच्या वरच्या खाचेत एकेक लावले. पावणेदोन वर्षांनी ती बोलली. दोघं भाऊ वाकून वाचायला लागले.

मीठ जास्त.

थोरला आधी बघतच राहिला. मग हसायला लागला. धाकट्यानं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं; खांदे हलत होते आणि आवाज नव्हता. "पावणेदोन वर्षं खाल्लंस गं," तो म्हणाला, "आणि मी विचारतोय, उशी हवी का, खिडकी लावू का!"

टण, टण, टण, टण. वहिनीही हसत होती.

मग थोरल्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "त्या दिवशी काय सांगत होतीस? चाळीस प्रश्न विचारले तेव्हा."

तिनं अक्षरं परत जागेवर ठेवली. पुन्हा एकेक उचलत गेली. वेळ लागला. थोरला खाचेकडे पाहत राहिला, आणि धाकट्यानंही वाचलं.

तुम्ही जेवा.

चाळीस प्रश्नांत त्यानं तिच्याबद्दल सगळं विचारलं होतं. त्या दिवशी तो सकाळपासून उपाशी होता, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यानंतर सात आठवडे मिळाले. मग एका सकाळी थोरला खुर्चीत बसल्या बसल्या गेला. शेजारचे चमच्याचा आवाज ऐकून धावले. चमचा सारखा वाजत होता.

पंधरा दिवसांनी फाउंड्रीतला भट्टीवाला आला. थोरल्याचा जुना जोडीदार, भट्टीच्या धगीनं भुवया कायमच्या गेलेल्या. धाकट्यानं त्याला मागच्या खोलीत नेलं आणि मशीन दाखवलं, कॉम्प्युटर दाखवला. बोलता बोलता नेहमीचं वाक्य बोलून गेला. "शेवटी शेवटी माप चुकायला लागलं होतं दादाचं."

"कोणाचं? मिस्त्रींचं?" भट्टीवाल्यानं मान वर केली. "साहेब, राग मानू नका. पण तोंड सांभाळून बोला. या माणसानं उभ्या जन्मात दुसऱ्यानं घेतलेलं माप वापरलं नाही. मालकानं मोजून दिलं तरी म्हणायचे, ठेवा तिथं, मी मोजतो. त्यांचं चुकलं? काय चुकलं?"

धाकट्यानं ठोकळ्यांची गोष्ट सांगितली. भट्टीवाला ऐकत होता, पण त्याची नजर फिरत फिरत खिळ्यावर थांबली.

"मोजलंत कशानं तुम्ही?"

"ह्या पट्टीनं."

भट्टीवाला जागचा उठला. पट्टी खिळ्यावरून काढली आणि दोन्ही हातांवर आडवी धरली, झोपलेलं मूल धरावं तशी. 

"ही साधी पट्टी नाही हो," तो हळूच म्हणाला. "ही आमची पॅटर्नची. रस ओतला की लोखंड थंड होताना आकसतं. शंभराला एक. म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा करायचा. दर वेळी हिशोब कोण करणार? तर पट्टीच लांब आखलेली असते. हिच्यावरचा मिलीमीटर खऱ्यापेक्षा मोठा. हिनं फक्त पॅटर्न मोजायचा. बाकी काहीही मोजलं की घोळ. म्हणून मिस्त्री हिला कोणाला हात लावू देत नसत."

धाकट्यानं खणातली लहान पट्टी काढून शेजारी ठेवली. शून्याला शून्य जुळवला. दीडशेशी मोठी पट्टी दीड मिलीमीटर पुढे होती. दहा ठोकळ्यांना चार मिलीमीटर. दहाव्या अक्षराची जागा नेमकी तेवढ्यानंच गेली होती.

भट्टीवाल्यानं पट्टी उलटून पाहिली, पुसली आणि परत टांगली. "आठवण म्हणून मागणार होतो," तो म्हणाला, "पण राहू द्या. ती इथंच बरी." आणि निघून गेला.

धाकट्यानं कॉम्प्युटर सुरू केला. तो आकडा जिथे लिहायचा ते पान उघडलं. त्याची डायरी शेजारी होती, तीनशे तेवीस पूर्णांक तेवीस. पडद्यावर होतं तीनशे वीस.

त्या खोलीत तिसरा माणूस कधी येत नव्हता. थोरल्याला कॉम्प्युटर येत नव्हता, पण तीन महिने तो मागे उभा राहून बघत होता. कधीतरी एकट्यानं बसून, थरथरणाऱ्या बोटानं एकेक कळ दाबत त्यानं तो आकडा दुरुस्त केला होता, म्हणजे पुढचं काम चुकायला नको. आणि मग पाच दिवस ठोकळे घासले होते. धाकटा समोर स्टुलावर बसून त्याची कीव करत होता.

आणि एक गोष्ट धाकट्याला तिथे बसल्या बसल्या कळली, ती जास्त लागली. जन्मात दुसऱ्याचं माप न घेणाऱ्या माणसानं एकदाच घेतलं होतं. तू मोजलंस ना? मग झालं.

तो वहिनीच्या खोलीत गेला. ती खिडकीकडे पाहत होती. ट्रे समोर होता.

"वहिनी," तो म्हणाला, "माप माझं चुकलं होतं. त्याला कळलं होतं?"

टण.

"त्याच दिवशी?"

टण.

"आणि तुम्हालाही?"

टण.

"मग मी एवढं बोललो त्याला, तुमच्यासमोर. गावभर सांगत फिरलो. त्यानं मला का नाही सांगितलं?"

याला हो-नाही करून भागणारं नव्हतं. वहिनीनं चमचा सोडला आणि ट्रे जवळ ओढला. धाकट्याला वाटलं, आता ती रागावेल. रागावली तर बरंच होईल. तिनं चार ठोकळे उचलले आणि खाचेत एकेक लावले. त्यांच्या कडा गुळगुळीत होत्या, हातानं घासलेल्या.

लहान.

आणि तिनं त्याच्या हातावर डावा हात ठेवला.

धाकटा अजून दुपारी दोनला टोपी घालून निघतो. वहिनीला भरवतो. मीठ बेतानं घालतो. कॉम्प्युटरवरची धूळ पुसतो आणि त्या खोलीत बसतो. जाण्याच्या आदल्या दिवशी भाऊ आपल्याशी काय बोलला ते त्यानं पुष्कळदा आठवून पाहिलं. कुठेतरी काही सुचवून गेला असेल, एखादा शब्द निसटला असेल, म्हणून. तसं काही नव्हतं. त्या दुपारी माउसची तार टेबलामागे पडली होती. ती ओढून काढायला धाकट्यानं खिळ्यावरची पट्टी घेतली होती, थोरल्याच्या देखत. थोरल्यानं पाहिलं आणि काही म्हटलं नाही. संध्याकाळ झाली. धाकट्यानं टोपी घातली, पायात चपला सरकवल्या. थोरला पलंगाशेजारी वाटीतलं औषध ढवळत होता. कप वाजावा तशी वाटी वाजत होती. मान न वळवताच त्यानं विचारलं,

"पट्टी टांगलीस का?"

"टांगली."

"बरं. ये मग."

"येतो."